नोव्हेंबरात बोलोन्याले चाललो, चारही दिवस पाऊस दाखवून रायला, काय करू?

दारव्ह्याचा_गडी
नमस्कार मंडळी. माझा शाळेपासूनचा दोस्त इटलीत मिलानले नोकरीवर हाय, दहावीपर्यंत आम्ही एकाच बाकावर बसलो. दरसाल म्हन्ते ये ये, यंदा सोयाबीन निघालं, चार पैसे हाती आले आन् काढून टाकलं तिकीट. त्यानं सुट्टी घेऊन बोलोन्या नावाचं जुनं शहर ठरवलं, चार दिवस पायी फिरायचं. आता मोबाईलवर पाह्यतो तं चारही दिवस पाणी. आपल्याकडं झड लागली की मानूस छपरीत बसून राह्यते, तिथंही खोलीतच बसा लागन का? पुन्हा कधी जानं होईन सांगता येत नाही म्हणून जीव लागून हाय. दोस्त माळकरी हाय, खान्याचंही सांगा.

वर्धेची_ताई
दादा तिकीट रद्द करू नका, पावसात फिरायले याच्याहून चांगलं गाव सापडणार नाही. मी अन् माझी मैत्रीण दोन वर्षांआधी नोव्हेंबरातच गेलो होतो, तीन दिवस नुसती रिपरिप, अन् छत्री लागली ती रस्ता ओलांडण्यापुरती. आपल्या वाड्याले असते तशी खांबांची ओसरी तिथं घरोघरी आहे, एका घराची संपली की पुढच्या घराची सुरू, असं करत सगळ्या शहरात मिळून ६२ किलोमीटर. २०२१ मध्ये युनेस्कोनं त्यातल्या निवडक ओसऱ्या जागतिक वारशात घेतल्या. तिथलं विद्यापीठ १०८८ चं, पोरं दुरून दुरून शिकाले यायची, राहाले जागा पुरेना, मग लोकांनी वरच्या माळ्याच्या खोल्या रस्त्यावर पुढं काढल्या अन् खाली खांबांचा टेकू दिला. १२८८ मध्ये तं नियमच झाला, नवं घर बांधाल तर ओसरी पाहिजे अन् घोड्यावरचा माणूस खालून निघून जाईल एवढी उंच पाहिजे. जागा घरमालकाची पण वाट सगळ्यांची, हे मले फार आवडलं.

स्त्रादा माज्जोरे रस्त्यावर कासा इसोलानी म्हणून तेराव्या शतकातलं घर आहे, त्याचे खांब अजून लाकडाचेच. मी हात लावून पाह्यला, लांब लांब चिरा पडलेल्या, आजीच्या घरच्या सागाच्या खांबाले होत्या तशाच, अन् हातभर अंतरावर पाणी पडत असताना लाकूड कोरडंठाक.

पावसाचा जोर वाढला तर आर्किजिनासिओत शिरा, विद्यापीठाची जुनी इमारत, आत १६३७ चं लाकडी सभागृह आहे, तिथं मुडद्याची चिरफाड करून शिकवत. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात ते पार मोडलं, मग ढिगाऱ्यातली लाकडं वेचून पुन्हा उभं केलं. सान पेत्रोनिओ चर्चमध्ये कासिनी नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं १६५५ मध्ये फरशीवर आखलेली ६७ मीटरची रेघ आहे, दुपारी वरच्या भोकातून ऊन त्या रेघेवर येते, ढग असल्यामुळं आमाले नाही दिसलं, ते मनाले लागून राहिलं. तुमाले घडीभर ऊन मिळालं तर बारा वाजता तिथंच थांबा.

खाण्याचं ध्यानात ठेवा, तोर्तेलिनी म्हणजे सारण भरलेला पास्ता, त्यात डुकराचं मांस असते. तोर्तेलोनी वेगळं, ते मोठं असते अन् आत बहुतेक करून रिकोटा चीज. तरी दरवेळी विचारूनच घ्या.

अकोटवाला
सान लुका चुकवू नका भाऊ, माळकरी दोस्ताले तं नक्की न्या. पोर्ता सारागोत्सा वेशीपासून टेकडीवरच्या त्या देवळापर्यंत ३.८ किलोमीटर अन् ६६६ कमानींची ओसरी, शेवटचा चढ दम काढते पण डोक्यावर थेंब पडत नाही. १४३३ साली तिथं पाऊस थांबेचना, पीक जायची पाळी आली, तवा लोकांनी टेकडीवरची मेरीमातेची तसबीर मिरवत शहरात आणली अन् पाणी थांबलं असं सांगतात. तवापासून दरसाल मिरवणूक निघते, अन् ती भिजू नये म्हणून १६७४ पासून ही ओसरी बांधत नेली. आपण पाणी यावं म्हणून धोंडी काढतो, त्याईनं पाणी थांबावं म्हणून देव खाली आणला. ज्या साली अतिवृष्टीत माझं तीन एकर सोयाबीन उभ्यानं कुजलं त्याच साली पोराकडं गेलो होतो, त्या कमानीत उभा राहून हे ऐकलं अन् डोळे भरून आले, पाचशे-सहाशे वर्षांआधीचे ते कास्तकार आपलेच वाटले.

चिखलीकर
सगळे चांगलं सांगून रायले पण एक गोष्ट ऐका, ओसरीतली फरशी काही ठिकाणी घोटीव आहे, ओली झाली की साबणासारखी. रबरी तळाचे बूट घ्या, दोन जोड, रात्री आत रद्दी कोंबून ठेवा. अन् त्या भागात मे २०२३ मध्ये मोठा पूर आला होता, ऑक्टोबर २०२४ मध्ये तं शहरातच नाल्याचं पाणी शिरलं. लाल इशारा आला तर मात्र खरंच खोलीत बसा, आपण पुलावरून पाणी असताना गाडी घालत नाही तसंच. आसिनेल्ली मनोरा चढायचा बेत असेल तर आधी तपासा, शेजारचा झुकलेला गारिसेंडा सावरायचं काम निघालं म्हणून २०२३ पासून तोही बंद केला होता.

दारव्ह्याचा_गडी
ताई, भाऊ, लय आभार. आत्ताच दोस्ताले फोन लावला, १४३३ चं सांगितलं तं तो घडीभर बोललाच नाही, त्याच्याही घरचं वावर नाल्याकाठी हाय. सान लुका पहिल्याच दिवशी ठरलं. बुटं उद्या यवतमाळहून आनतो.