वीज गेल्यावर बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होतो: वॉचडॉग ड्रायव्हर स्वतःकडे ठेवावा की मुख्य कर्नेलमधला वापरावा?

प्रश्न (वेर्णे)

आमचे छोटे युनिट वेर्णे औद्योगिक वसाहतीत आहे आणि मासेमारी जेटींजवळच्या बर्फाच्या कारखान्यांसाठी आम्ही नियंत्रण पेट्या बनवतो. पेटीतला संगणक-बोर्ड कॉम्प्रेसरचा दाब आणि ब्राइनच्या टाकीचे तापमान नोंदवतो. सर्व सुरळीत असेल तर पेटीवरचा हिरवा दिवा दर सेकंदाला लुकलुकतो आणि बिघाड झाला की लाल दिवा लागतो. बोर्डवर नुव्होटॉनची एनसीटी६७७९ ही सुपर आयओ चिप असून बोर्डाचे स्वतःचे तापमान, पंख्याचा वेग, दिव्यांच्या जीपीआयओ पिना (सॉफ्टवेअरने चालू-बंद करता येणाऱ्या) आणि वॉचडॉग टायमर (मुदतीत ‘चावी’ मिळाली नाही, म्हणजे मोजणी नव्याने सुरू केली नाही, तर बोर्ड रीसेट करणारे घड्याळ) हे सगळे त्या एकाच चिपच्या पोटात आहे.

या चिपचा ड्रायव्हर साधारण चौदाशे ओळींच्या एकाच फाइलमध्ये आहे. मूळ फाइल बोर्ड पुरवणाऱ्याकडून आली होती. तिच्यावर आमच्या एका माजी सहकाऱ्याने ठिगळे लावली आणि गेली दोन वर्षे ती माझ्याकडे आहे. आता लिनक्स कर्नेलच्या ५.१० मालिकेवरून ६.१२ वर जाताना ती संकलित होईना. काही बदल किरकोळ होते, उदाहरणार्थ, क्लास तयार करणाऱ्या फंक्शनमधून मॉड्यूलच्या मालकीचा पॅरामीटर ६.४ मध्ये काढून टाकला गेला आणि प्लॅटफॉर्म ड्रायव्हरचे रिमूव्ह फंक्शन आता काही मूल्य परत करत नाही. ते मी दुरुस्त केले. हातात फाइल आहेच तर जुनी हाताने लिहिलेली उपकरण-फाइलही (प्रोग्राम जिच्यातून वॉचडॉगशी बोलतो ती) काढावी, असे वाटल्याने वॉचडॉगचा भाग कर्नेलच्या वॉचडॉग-गाभ्याला (सर्व वॉचडॉग ड्रायव्हरांच्या सामाईक भागाला) जोडला.

त्यानंतर पुढील अडचण उभी राहिली. बायोस बोर्ड चालू होतानाच वॉचडॉगला ६० सेकंदांची मुदत देऊन तो सुरू करते. जुना ड्रायव्हर लोड होताक्षणी टायमरच्या रजिस्टरमध्ये शून्य लिहून तो बंद करत असे, हे माझ्या लक्षात आले नव्हते. नव्या रचनेत तसे काही होत नाही. वीज अचानक गेली की पुढच्या वेळी फाइल-प्रणालीची तपासणी सुरू होते, ती दीड-दोन मिनिटे चालते, तेवढ्यात टायमर संपतो, बोर्ड रीसेट होतो आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. एका पेटीने रात्रभर हेच केले.

दुसरी अडचण जुनी आहे आणि ती ५.१० वरही होती. दोन-तीन आठवड्यांतून एकदा एखादी पेटी कोणताही माग न ठेवता रीसेट होते. नोंदीत ना कर्नेलची तक्रार असते, ना आमच्या प्रोग्रामची. वॉचडॉगची मुदत ६० सेकंदांची असून आमच्या प्रोग्राममधला एक स्वतंत्र थ्रेड दर ४० सेकंदांनी त्याला चावी देतो.

गोव्यात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असल्याने कारखाने सध्या थंड आहेत आणि पेट्या बदलण्याची मुभा वर्षातून एवढीच मिळते. शून्य लिहिण्याची जुनी ओळ परत घालून वेळ मारून न्यावी की ही फाइल नव्याने लिहावी, याबाबत अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

उत्तर (म्हापसा)

बायोसमध्ये वॉचडॉग बंद करण्याचा पर्याय असतो, तो बंद केला की पहिला प्रश्न पाच मिनिटांत सुटतो. आमच्याकडे आम्ही तेच केले आहे. अर्थात मग कर्नेल सुरू होतानाच अडकले तर कोणीतरी स्कूटर काढून जेटीवर जावे लागते आणि पावसात ते काम मीच करतो.

उत्तर (पणजी)

वरचा उपाय चालतो, परंतु वॉचडॉगची खरी गरज ज्या वेळेला असते तीच वेळ तो उघडी टाकतो. जुन्या ड्रायव्हरमधली शून्य लिहिणारी ओळही नेमके तेच करत होती, फक्त काही सेकंद उशिरा.

वॉचडॉग-गाभ्यात या परिस्थितीची सोय आहे. प्रोब फंक्शनमध्ये (ड्रायव्हर चिपला जोडला जाताना चालणाऱ्या), गाभ्याकडे नोंदणी करण्यापूर्वी, टायमरचे रजिस्टर वाचावे. त्यात शून्याखेरीज काही असेल तर टायमर आधीपासून चालू आहे, आणि तसे असल्यास उपकरणाच्या स्टेटसमध्ये ‘डब्ल्यूडॉग एचडब्ल्यू रनिंग’ हा बिट लावावा. मग कोणताही प्रोग्राम वॉचडॉगची फाइल उघडेपर्यंत गाभा स्वतःच टायमरला चावी देत राहतो. यासाठी कर्नेलच्या कॉन्फिगमध्ये ‘वॉचडॉग हँडल बूट एनेबल्ड’ हा पर्याय चालू असावा लागतो. तपासणी दोन मिनिटे चालो वा वीस, बोर्ड मध्येच पडणार नाही. मात्र ही चावी किती काळ फुकट द्यायची यालाही मर्यादा हवी, कारण फाइल-प्रणाली उभीच राहिली नाही तर गाभा जन्मभर चावी देत बसेल आणि पेटी दिवा न लावता मुकाट बसून राहील. त्यासाठी ‘ओपन टाइमआउट’ हा पॅरामीटर आहे. त्याचे मूळ मूल्य शून्य, म्हणजे अमर्याद, असते. तुमच्या बाबतीत तपासणीला लागणाऱ्या वेळेच्या तीन-चारपट सेकंद द्यावेत.

यात एक खाच आहे. ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून ठेवला आणि तो तपासणीनंतर लोड झाला, तर वरचे सगळे व्यर्थ आहे, कारण बायोसने दिलेली ६० सेकंदे तोवर संपलेली असतील. तो कर्नेलमध्येच बांधून टाकावा किंवा निदान इनिटरॅमएफएसमध्ये (कर्नेलसोबतच लोड होणाऱ्या छोट्या फाइल-प्रणालीत) घालावा.

टायमरच्या मुदतीबद्दलही एक गोष्ट सांगतो. या चिपचा मोजणी-रजिस्टर ८ बिटांचा आहे, म्हणून सेकंदांत मोजताना २५५ पेक्षा मोठी मुदत त्यात मावत नाही. पुष्कळ जण ही मर्यादा ‘मॅक्स टाइमआउट’ म्हणून लिहितात आणि मग वापरकर्त्याने १० मिनिटे मागितली की गाभा नकार देतो. त्याऐवजी ‘मॅक्स एचडब्ल्यू हार्टबीट एमएस’ या जागी २५५००० लिहिले तर गाभा मोठी मुदत स्वीकारतो आणि मधल्या चाव्या स्वतः देतो. वापरकर्त्याचा प्रोग्राम थांबला तर मागितलेल्या मुदतीनंतर रीसेट होतो आणि कर्नेलच गोठले तर चिप २५५ सेकंदांच्या आत आपले काम करते. चिप काय करू शकते आणि या क्षणी ती काय करत आहे, एवढे ड्रायव्हरने गाभ्याला खरेखरे सांगायचे असते. पुढचे निर्णय गाभ्याचे.

हे सर्व सांगितल्यावर मूळ प्रश्नाकडे येतो. तुमची फाइल नव्याने लिहू नये, मोडीत काढावी. एनसीटी६७७९ चे तापमान, व्होल्टेज आणि पंखे वाचणारा ‘एनसीटी६७७५’ हा ड्रायव्हर मुख्य कर्नेलच्या हार्डवेअर-मॉनिटरिंग विभागात आहे. वॉचडॉगसाठी ‘डब्ल्यू८३६२७एचएफ डब्ल्यूडीटी’ हा ड्रायव्हर आहे. नाव जुन्या विनबॉन्ड चिपचे असले तरी त्यात नुव्होटॉनच्या पुढच्या अनेक चिपा सामावल्या आहेत आणि तुमची चिप त्यात आहे. टायमर आधीच चालू दिसला तर तो ड्रायव्हर त्याला आपली ठरलेली मुदत नव्याने देतो. ‘अर्ली डिसेबल’ पॅरामीटर दिला असेल तर तो बंद करतो. मुदत २५५ करून घेतली तर तुमच्या दोन मिनिटांच्या तपासणीला ती पुरते, आणि गाभ्याकडून चावी हवीच असेल तर त्या ड्रायव्हरमध्ये वर सांगितलेल्या बिटाची भर घालणारा चार-सहा ओळींचा पॅच तुमच्या चौदाशे ओळींपेक्षा सांभाळायला फार सोपा आहे.

असा पॅच केला तर तो स्वतःजवळ ठेवू नका. कर्नेलच्या स्रोतातली ‘गेट मेंटेनर’ स्क्रिप्ट चालवली की कोणाला पाठवायचा ते कळते. वॉचडॉग विभागाची देखभाल विम व्हॅन सेब्रुक आणि ग्युंटर रोक हे करतात आणि हार्डवेअर-मॉनिटरिंगचा विभागही रोक यांच्याकडेच आहे. तिथल्याच ‘चेकपॅच’ स्क्रिप्टने तपासलेला, एकाच विषयाचा, कोणत्या बोर्डवर काय तपासले हे नीट सांगणारा लहान पॅच तिथे वाचला जातो. चौदाशे ओळींची एक फाइल पाठवलीत तर पहिले उत्तर ‘तुकडे करा’ असेच येईल आणि ते योग्यच असेल, कारण तापमान, जीपीआयओ व वॉचडॉग हे कर्नेलमध्ये तीन वेगळ्या विभागांचे विषय आहेत.

उत्तर (मडगाव)

पहिल्या अडचणीवर वर पुरेसे आले आहे. मला दुसरी जास्त रोचक वाटते. हिरवा दिवा नेमके कोण लुकलुकवतो? तुमच्या ड्रायव्हरमधला जीपीआयओ भाग की बोर्डासोबत मिळणारी छोटी युटिलिटी?

हे विचारण्याचे कारण असे. सुपर आयओ चिपची कॉन्फिग रजिस्टरे २ई आणि २एफ या दोनच पोर्टांतून दिसतात. आधी २ई वर ८७ हा हेक्स आकडा दोनदा लिहून कुलूप उघडायचे, मग ०७ क्रमांकाच्या रजिस्टरमधून आतले उपकरण निवडायचे (वॉचडॉगसाठी ८), मग एफ६ रजिस्टर निवडून त्यात सेकंद लिहायचे आणि शेवटी एए लिहून कुलूप लावायचे. ही पायऱ्यांची साखळी आहे आणि मध्ये दुसरा कोणी घुसला तर चिपला त्याची गंधवार्ता नसते. तुमचा ड्रायव्हर ८ निवडतो, त्याच क्षणी दुसऱ्या कोअरवर चाललेली युटिलिटी दिव्यासाठी ९ निवडते, आणि तुमचे सेकंद वॉचडॉगऐवजी ९ च्या एफ६ मध्ये जाऊन पडतात. किंवा युटिलिटी आपले काम संपवून कुलूप लावते आणि तुमचे लिहिणे चिप ऐकतच नाही. दोन्ही प्रसंगी ड्रायव्हरला वाटते की चावी दिली गेली.

कर्नेलमधले ड्रायव्हर यासाठी ‘रिक्वेस्ट मक्स्ड रीजन’ वापरतात. एकाचे काम होईपर्यंत दुसरा थांबतो. पण ती शिस्त कर्नेलच्या आतली आहे. युटिलिटी आयओपर्मची परवानगी घेऊन थेट पोर्टांवर लिहीत असेल तर तिला ही रांग दिसतच नाही.

ठोकळ हिशेब पाहा. चावी देण्याच्या साखळीला दहा-एक पोर्ट-व्यवहार लागतात, म्हणजे सुमारे दहा मायक्रोसेकंद, आणि दिव्याच्या साखळीलाही तेवढेच. दिवा सेकंदातून दोनदा बदलतो. दिवसाला २१६० चाव्या धरल्या तर गाठ पडण्याचा योग आठवडा-पंधरवड्यातून एकदा येतो. आणि ६० सेकंदांच्या मुदतीत ४० सेकंदांनी चावी म्हणजे एक चुकली की पुढची ८० व्या सेकंदाला, तेव्हा बोर्ड केव्हाच रीसेट झालेला असतो. तुमच्या ‘दोन-तीन आठवड्यांतून एकदा’शी हे फार जुळते.

प्रश्नकर्त्याची नोंद (वेर्णे, २४ दिवसांनी)

दिवा युटिलिटीच लुकलुकवत होती. दर वेळी नवा प्रोसेस सुरू होऊन थेट २ई वर लिहीत होता.

सहापैकी तीन पेट्यांत मी ती युटिलिटी बंद ठेवली आणि तीन पेट्या तशाच राहू दिल्या. ज्यांत ती चालू होती त्यांपैकी दोन पेट्या या काळात एकेकदा रीसेट झाल्या. दिवा बंद असलेल्या तिन्ही पेट्या अखंड चालू आहेत. सहा पेट्यांवरून छातीठोकपणे सांगता येत नाही हे मान्य, परंतु मी एका पेटीत दिव्याचा वेग मुद्दाम सेकंदाला दोनशेवर नेला तेव्हा ती त्याच दिवशी पडली. मडगावकरांचे आभार.

चौदाशे ओळी काढल्या आहेत. तापमान आणि वॉचडॉग आता मुख्य कर्नेलमधल्या ड्रायव्हरांकडे असून दोन्ही कर्नेलमध्ये बांधले आहेत. माझ्याकडे दिव्यांपुरता दोनशे ओळींचा जीपीआयओ ड्रायव्हर उरला आहे आणि तो मक्स्ड रीजन घेतल्याशिवाय पोर्टाला हात लावत नाही. वीज जाण्याची चाचणी वेगळी घ्यावी लागली नाही, जुलैतल्या पावसाने ती रोज घेतली. तपासणीच्या फेऱ्यात एकही पेटी अडकली नाही.

आता एक उपप्रश्न: चावी देणारा थ्रेड तसाच ठेवावा का?

उत्तर (पणजी)

ठेवू नये. स्वतंत्र थ्रेड फक्त आपण स्वतः जिवंत आहोत एवढेच सिद्ध करतो. मुख्य थ्रेड एखाद्या सेन्सरची वाट पाहत कायमचा अडकला तरी चावी मिळतच राहते. वॉचडॉगची फाइल सिस्टमडीकडे (लिनक्समधल्या सर्व्हिस सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडे) द्यावी. त्याच्या कॉन्फिगमध्ये ‘रनटाइम वॉचडॉग सेक’ला मुदत दिली की तो तिच्या निम्म्या वेळाने चावी देतो. फाइल एका वेळी एकच प्रोग्राम उघडू शकतो, म्हणून तुमच्या प्रोग्राममधून ती आधी काढावी लागेल. प्रोग्रामने आपली खुशाली सिस्टमडीला कळवावी: सर्व्हिसच्या फाइलमध्ये ‘वॉचडॉग सेक’ आणि पुन्हा सुरू करण्यासाठी ‘रीस्टार्ट’ द्या आणि दाब व तापमान खरोखर वाचून नोंद झाल्यावरच, मुख्य लूपच्या शेवटी, सूचना पाठवा. ती थांबली की सिस्टमडी आधी फक्त सर्व्हिस पुन्हा सुरू करील आणि वारंवार तसे झाले तर बोर्ड रीसेट करायचा की नाही, हे त्याच फाइलमध्ये ठरवता येते.

आणखी एक: रीसेट झाल्यावर वॉचडॉग उपकरणाची ‘बूट स्टेटस’ वाचून नोंदीत टाका. ड्रायव्हर ती माहिती देत असेल तर ‘कार्ड रीसेट’चा बिट दिसतो आणि वीज गेली होती की वॉचडॉगने पाडले, हे ऑगस्टमध्ये ट्रॉलर सुटल्यानंतर जेटीवर न जाता कळते.

उत्तर (म्हापसा)

बायोसमधला पर्याय आज पुन्हा चालू केला. आमची दिव्याची युटिलिटीही तशीच निघाली. तिचे काय करायचे ते उद्या पाहतो.