बिलिंगच्या स्क्रीनमधून अँट डिझाइन सोडवायचंय, अ‍ॅडाप्टर कुठे लावू?

अक्कलकोट_रोड:
सोलापुरातल्या चादर-टॉवेलच्या घाऊक व्यापाऱ्यांसाठी रिअ‍ॅक्टमधलं बिलिंग आहे. सगळ्या स्क्रीन थेट अँट डिझाइन ५ (बटणं-रकान्यांची तयार लायब्ररी) इम्पोर्ट करतात. आता एमयूआय या तशाच दुसऱ्या लायब्ररीवर जायचंय. फाइंड-रिप्लेसने भागेल का?

सुताचा_गुंता:
नाही भागणार, मालक. नावं बदलतील, वागणं कसं बदलणार? अँटचा सिलेक्ट ऑनचेंजमध्ये थेट व्हॅल्यू देतो. एमयूआयचा इव्हेंट देतो, व्हॅल्यू त्याच्या टार्गेटमधून काढावी लागते. एरर अँटमध्ये फॉर्म-आयटमवर दिसते, एमयूआयमध्ये टेक्स्टफील्डवरच.

आधी आपले प्रॉप्स (घटकाला बाहेरून दिलेल्या गोष्टी) ठरवा: लेबल, व्हॅल्यू, बदललेली व्हॅल्यू देणारा कॉलबॅक, एररचा मजकूर. मग पहिला अ‍ॅडाप्टर (लायब्ररी झाकणारा आपला घटक) अँटवरच लिहा आणि एकेक स्क्रीन त्यावर आणा. गिऱ्हाइकाला काही कळणारही नाही. सगळ्या आल्या की आतला माल बदला. टेबल शेवटी घ्या. लायब्ररीचे सगळे प्रॉप्स जसेच्या तसे आत ढकलत असाल, तर तो अ‍ॅडाप्टर नुसता नावाला.

पार्क_चौक:
खरी मेख तारीख आणि आकड्यांत आहे. अँट ५ चा डेटपिकर डेजेएस या तारखांच्या लायब्ररीचा ऑब्जेक्ट देतो, तो अ‍ॅडाप्टरबाहेर पडू देऊ नका. बाहेर फक्त ‘2025-04-01’ अशी स्ट्रिंग, तीही डेजेएसचं फॉरमॅट वापरून. टूआयएसओस्ट्रिंग वापरलंत तर वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) जाते: आपल्याकडची १ एप्रिलची मध्यरात्र म्हणजे तिथे ३१ मार्च, १८:३०. बिल सरळ मागच्या आर्थिक वर्षात!

दराचा रकानाही तसाच. अँटचा इनपुटनंबर रिकामा केला की नल (म्हणजे ‘काहीच नाही’) देतो, एमयूआयचा टेक्स्टफील्ड रिकामी स्ट्रिंग देतो. तिला नंबरमध्ये बदललं की ० येतो आणि टॉवेल फुकट जातात. रिकामं म्हणजे नल, हे अ‍ॅडाप्टरमध्येच पक्कं करा आणि त्याची टेस्ट लिहा.

अक्कलकोट_रोड:
दराच्या रकान्याची चाचणी एमयूआयवर घेतली. एंटर मारला की कर्सर पुढच्या रकान्यात जात नाही, अँटवर जात होता.

सुताचा_गुंता:
टेक्स्टफील्डला दिलेला रेफ (घटकाला थेट धरायचा दुवा) बाहेरच्या डिव्हला लागतो, आतल्या इनपुटला नाही. इनपुटरेफ द्या. रिअ‍ॅक्ट १८ असेल तर अ‍ॅडाप्टर फॉरवर्डरेफमध्ये गुंडाळा, नाहीतर रेफ आत पोचतच नाही.

आणि कोड तपासणाऱ्या ईएसलिंटचा नो-रिस्ट्रिक्टेड-इम्पोर्ट्स नियम (थेट इम्पोर्टला मनाई) आजच लावा, सूट फक्त अ‍ॅडाप्टरच्या फोल्डरला. नाहीतर घाईच्या वेळी कुणीतरी थेट इम्पोर्ट करतंच.