टोकन संपलं की मराठी-कन्नड एररच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं

खानापूर_कोटलिन
नमस्कार. खानापूर तालुक्यातल्या दूध संकलन केंद्रांसाठी अँड्रॉइड ॲप करतोय. सर्व्हर स्प्रिंग बूटचा (जावा), ॲपमध्ये सर्व्हरशी बोलायला रेट्रोफिट आणि त्याची जेसन स्वरूपातली उत्तरं वाचायला जीसन. केंद्रावरचा माणूस मराठी किंवा कन्नड निवडतो, ती भाषा ॲक्सेप्ट-लँग्वेज हेडरमधून जाते.

फॅटचा आकडा चुकला की ४०० (चुकीची विनंती) येतो आणि निरोप दोन्ही भाषांत नीट दिसतो. लॉगिनच्या टोकनची मुदत संपली की मात्र ४०१ (ओळख पटली नाही) सोबत "???? ????? ???". सर्व्हरच्या लॉगमध्ये तेच वाक्य स्वच्छ मराठीत आहे. एररबॉडी, म्हणजे एररसोबत आलेला मजकूर, यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या बसणारं एन्कोडिंग) धरून वाचली, फॉन्ट बदलला, फरक शून्य. पहाटे किटल्या घेऊन लोक रांगेत उभे असतात. तेव्हा 'परत लॉगिन करा' एवढं तरी त्या माणसाला वाचता यायलाच पाहिजे.

निपाणी_बॅकएंड
ॲपला हात लावू नका. कर्लने (कमांड लाइनवरून) तीच रिक्वेस्ट मारा आणि उत्तराचे बाइट हेक्समध्ये बघा. '३एफ'ची (प्रश्नचिन्हाचा बाइट) रांग दिसली तर ती खरीखुरी प्रश्नचिन्हं आहेत, अक्षरं सर्व्हरवरच गेली. ॲप वाचताना चुकत असतं तर प्रश्नचिन्हं नाही, टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसली असती.

४०० कंट्रोलर ॲडव्हाइसमधून (स्प्रिंगमध्ये एरर एकत्र हाताळायची जागा) जातो, तिथं जॅक्सन ही जेसन लायब्ररी यूटीएफ-८ मध्ये लिहिते. टोकनची तपासणी सिक्युरिटी फिल्टरमध्ये, म्हणजे कंट्रोलरच्या आधीच होते. तिथं ॲडव्हाइस पोचतच नाही. कुणीतरी गेटरायटरने, म्हणजे उत्तरात थेट मजकूर लिहायच्या पद्धतीनं, हातानं जेसन लिहिलेलं असणार. कॅरेक्टर एन्कोडिंग दिलं नाही तर सर्व्हलेट (स्प्रिंगखालचा जावाचा वेब थर) आयएसओ-८८५९-१ हे रोमन अक्षरांचं एन्कोडिंग धरतं, आणि त्यात ना देवनागरी, ना कन्नड.

खानापूर_कोटलिन
होय की, ३एफच! ४०१ चं उत्तर लिहिणाऱ्या एंट्रीपॉइंटमध्ये कंटेंट टाइप फक्त ॲप्लिकेशन-जेसन होता. सेटकॅरेक्टरएन्कोडिंग गेटरायटरच्या खाली टाकलं तर काहीच होईना, वर नेल्यावर अक्षरं आली. आता रायटर काढूनच टाकलाय, जॅक्सनचा ऑब्जेक्टमॅपर थेट आउटपुटस्ट्रीममध्ये लिहितोय. मनापासून आभार, अण्णा.

चिकोडी_ॲप्स
४०१ ला वाक्य पाठवताच कशाला? 'टोकन_संपलं' असा कोड पाठवा, मजकूर ॲपच्या व्हॅल्यूज-एमआर आणि व्हॅल्यूज-केएन या मराठी-कन्नड मजकुराच्या फोल्डरांमधून घ्या. उद्या मधल्या एनजिनएक्सनं (ॲप आणि सर्व्हरमधला वेब सर्व्हर) मागचा सर्व्हर बंद पडल्यावर ५०२ चं एचटीएमएल पाठवलं तर जीसन 'एक्स्पेक्टेड बिगिन ऑब्जेक्ट' म्हणून आपटेल. पार्स करण्याआधी कंटेंट टाइप बघा. आणि एररबॉडीची स्ट्रिंग एकदाच वाचता येते. लॉगसाठी आधी वाचली तर पार्सरच्या हाती रिकामी पडते.

खानापूर_कोटलिन
लॉगिनसाठी कोड पटला, आजच करतो. कंटेंट टाइपची तपासणी इंटरसेप्टरमध्ये (ॲपमधून प्रत्येक उत्तर ज्यातून जातं तो टप्पा) घालतो. फॅट-एसएनएफचे (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) निरोप मात्र सर्व्हरवरूनच येऊ देणार. त्या मर्यादा डेअरीवाले मधेच बदलतात, आणि गावातल्या फोनवर ॲप महिनोन्‌महिने अपडेट होत नाही. जुन्या ॲपमधली जुनी मर्यादा वाचून कुणाचं दूध परत जाता कामा नये.