महाविद्यालयाच्या फुटबॉल कोचशी लेखी करार करता येतो का?

टिळकवाडीतील पालक
नमस्कार. माझा मुलगा बेळगावातील एका महाविद्यालयाच्या फुटबॉल संघात गोलरक्षक आहे. आमचे कोच सर आता चोर्ला घाट उतरून गोव्यातील एका क्लबकडे जाणार, अशी चर्चा पंधरवडाभर पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात चालू आहे. कोणी म्हणते बोलणी झाली, कोणी म्हणते आगाऊ रक्कमही घेतली. सर मात्र रोज सकाळी सहाला लेले मैदानावर हजर असतात आणि या विषयावर एक शब्दही बोलत नाहीत. काल मुलाचे हातमोजे फाटलेले पाहून मी नवे घेऊ म्हणालो, तर तो म्हणाला, "सर राहिले तर घेऊ." ते ऐकून फार वाईट वाटले. सरांना मानधन व्हाउचरवर मिळते, लेखी काहीच नाही. अमेरिकेत कॉलेजच्या कोचशी दहा-दहा वर्षांचे करार होतात असे वाचले आहे. तसे आपल्याकडे करता येईल का? त्याने अशा अफवा थांबतील का?

परतलेला बेळगावकर
तिकडचा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूचा, हातांनी खेळायचा वेगळाच खेळ; पण आपला प्रश्न तिथेही तोच आहे. करार असला म्हणून अफवा थांबत नाहीत. ओक्लाहोमा विद्यापीठाचे कोच लिंकन रायली यांनी २७ नोव्हेंबर २०२१ रोजी, आपण एलएसयूचे (लुईझियाना स्टेट विद्यापीठाचे) कोच होणार नाही, असे पत्रकारांना सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी ते यूएससीकडे, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे, गेल्याचे जाहीर झाले. शब्द खरा होता, पण मुलांना त्याचा काय उपयोग? तिथल्या करारांचा खरा गाभा आहे तो मुदतीआधी करार मोडल्यास द्यायच्या भरपाईचा, आणि ती दोन्ही बाजूंना लागू असते. विद्यापीठाने काढले तर कोचला उरलेल्या वर्षांचे पैसे मिळतात. कोच स्वतः गेला तर ठरलेली रक्कम द्यावी लागते आणि ती बहुधा नवे विद्यापीठच भरते. यातील धोकाही पाहा. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये कोच जिम्बो फिशर यांना काढले, तेव्हा त्यांना ७.५ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देण्याची जबाबदारी विद्यापीठावर आली. आपल्या संस्थांनी लांब मुदतीचा हा हव्यास मुळीच धरू नये. एका वर्षाचा, स्पष्ट शब्दांतला करार पुरेसा आहे.

खानापूर रोडवरून, वकिली करणारा
कायद्याची बाजू सांगतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कोणाला व्यवसाय करण्यापासून रोखणारी अट निरर्थक ठरते. त्यामुळे करार संपल्यावर दुसऱ्या महाविद्यालयाकडे जाऊ नये, अशी अट टिकणार नाही. कराराची मुदत चालू असताना दुसरीकडे काम करू नये, ही अट मात्र घालता येते. भरपाईसाठी कलम ७४ पाहावे: आकडा कितीही मोठा लिहिला तरी न्यायालय वाजवी तेवढेच देते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये एका सरकारी बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. म्हणजे अशी अट मुळातच बेकायदा आहे, असे नाही. मात्र सरांना जबरदस्तीने मैदानावर उभे करण्याचा आदेश कोणतेही न्यायालय देणार नाही, हे संस्थाचालकांना आधीच सांगा. माझी सूचना अशी की विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा संपेपर्यंतची मुदत ठेवावी, दोन महिन्यांची नोटीस असावी आणि कोणत्याही बाजूने मध्येच मोडल्यास दोन महिन्यांच्या मानधनाएवढी भरपाई द्यावी. मसुदा इंग्रजीत असेल, तर तो सरांना मराठीतून समजावून सांगूनच सही घ्यावी.

जुना डावा विंगर
वकीलसाहेब, सगळे पटले, पण या धाग्यात सरांना विचारले आहे का, हे कोणी विचारलेच नाही. आमच्या वेळी स्पर्धेच्या आठ दिवस आधी कोच गेले. आम्हाला कोणी सांगितले नाही. सामानाच्या खोलीत त्यांची शिट्टी आणि सरावाचे शंकू टेबलावर ठेवलेले दिसले, तेव्हा समजले. आम्ही वर्षभर त्यांना स्वार्थी म्हणत राहिलो. पुढे कळले की चार महिन्यांचे मानधन थकले होते आणि त्यांना घरी धाकट्या भावाची फी भरायची होती. गोव्यात आणि कोल्हापुरात फुटबॉल जाणणाऱ्याला मागणी आहे. तिकडून बोलावणे येणारच. पालकांनी आधी मानधन वेळेवर मिळते का, ते पाहावे.

टिळकवाडीतील पालक
सर्वांचे मनापासून आभार. आज सराव संपल्यावर मी सरांना थेट विचारले. गोव्याहून विचारणा झाली आहे हे त्यांनी लगेच मान्य केले. आगाऊ रकमेची गोष्ट खोटी निघाली. तीन महिन्यांचे मानधन थकले आहे हेही खरे आहे, आणि आम्हा पालकांपैकी एकालाही ते माहीत नव्हते. दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मानधन देण्याचे लेखी मिळाले, तर हा हंगाम पूर्ण करून मगच पुढचे ठरवीन, असे ते म्हणाले. सोमवारी चालकांची भेट ठरली आहे. वकीलसाहेब, मानधनाला महिन्याहून अधिक उशीर झाल्यास सरांना नोटिशीशिवाय मोकळे होता यावे, असे कलम घालायचे आहे. त्याची शब्दरचना आपण कृपया सुचवाल का?