नव्या गाडीतली खडखड वॉरंटीत कशी काढून घ्यावी?

मंडळी, मदत हवी आहे. गाडी घेऊन चार महिने झालेत, जेमतेम ५,००० किमी. डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला आणि मागच्या दारात खडखड येते, तीही ३०-४०च्या वेगात खराब रस्त्यावरच. पुण्यात असा रस्ता शोधावा लागत नाही म्हणा! सर्व्हिस सेंटरला दोनदा नेली; दोन्ही वेळा "आवाज आला नाही साहेब" म्हणत नुसती धुऊन परत दिली. ग्लोव्ह बॉक्स, डिकीतला जॅक, सीटबेल्टचं बक्कल मी स्वतः तपासलंय. आता मेकॅनिकला शेजारी बसवून चक्कर मारायची आणि जॉबकार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर) तक्रार नीट लिहून घ्यायची असं ठरवलंय. ट्रिम (आतली प्लास्टिकची आवरणं) उघडून फेल्ट टेप (खडखड थांबवणारी मऊ कापडी पट्टी) लावून देणं वॉरंटीत करून मिळालंय का कुणाला? बाहेर करून घेतलं आणि क्लिपा तुटल्या, तर हे लोक हात वर करतील.