मदत हवी आहे: शेजारच्या काकूंची मांजरं, आमची वाळू आणि माझी भीड

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं महिनाभर चाललं होतं. आज सकाळी दार उघडून पायपुसण्यावर पाय ठेवला तर ते ओलं लागलं, आणि पाऊस तर पडलेला नव्हता. म्हटलं आता विचारूनच टाकावं.

आमचं बैठं घर आहे. पुढे अंगण, मागे थोडी बाग, आणि शेजारच्या काकूंच्या नि आमच्या मधे छातीएवढी भिंत. काकूंकडे तीन मांजरं. मन्या नावाचा थोराड पिवळा बोका, ठिपक्याठिपक्यांची बिट्टी, आणि एक करडं, जे काकूंच्या मते 'फार लाजाळू' आहे. हे लाजाळू मांजर परवा आमच्या ओट्यावर बसून पातेल्यावरचं झाकण पंजाने सरकवत होतं. मला बघून हललंसुद्धा नाही. झाकण खणकन खाली पडलं तेव्हा कुठे दचकलं, आणि माझ्याकडेच रागाने बघून खिडकीतून गेलं.

त्रास तीन प्रकारचा आहे. मुलीसाठी (वय ४) मागे विटांचा चौकोन करून त्यात वाळू टाकली होती. ती आता मांजरांची झाली आहे. रोज सकाळी खुरपं आणि पिशवी घेऊन मी आधी तिथे जाते, चहा नंतर. दुसरं म्हणजे पुढच्या दाराला येणारा उग्र वास. धुतला की दोन दिवस जातो, हवा दमट झाली की परत हजर. तिसरं ते ओट्याचं.

केलेले उपाय: रंगीत पाण्याच्या बाटल्या ठेवल्या (बिट्टी त्यांना अंग घासते), संत्र्याची सालं टाकली (वाळली की झालं), दाराशी रोज फिनाईल. सासूबाई म्हणाल्या तिखट टाक. ते काही माझ्याने होईना.

खरी अडचण पुढे आहे. मागच्या वर्षी मी पंधरा दिवस तापाने पडले होते तेव्हा मुलीचं जेवणखाण, अंघोळ, झोप, सगळं या काकूंनी बघितलं. काका गेल्यापासून त्या एकट्या असतात, संध्याकाळी मांजरांशी बोलत बसलेल्या ऐकू येतात. एकदा धीर करून म्हटलं, "काकू, मन्या आमच्याकडे फार येतो हो." तर म्हणाल्या, "अगं, तुझा लळा लागलाय त्याला." मी हसले आणि घरी आले. भीड भिकेची बहीण म्हणतात ते हेच.

पुढच्या महिन्यात माझी वहिनी राहायला येते आहे, तिला सहावा महिना लागेल. मांजराच्या विष्ठेतून गरोदर बाईला काहीतरी होतं असं ऐकलंय, त्यामुळे आता थांबता येत नाही. मांजरांना इजा नको, काकू दुखावायला नकोत. काय करू?

---

खोडरबर: कुत्रा पाळा.

धागाकर्ती: मग पुढचा धागा कुत्र्याचा काढावा लागेल :)

तीनमांजरी: प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते, म्हणून जरा लांबण लावते.

आधी फिनाईल बंद करा, आजच. त्यातले फिनॉलसारखे पदार्थ मोडून बाहेर टाकायची सोय मांजराच्या यकृतात जवळपास नसते. पंजाला लागतं, मांजर पंजा चाटतं, आणि मग आमच्याकडे येतं. डांबर गोळ्या आणि सुगंधी तेलंही याच कारणाने नकोत. तिखट टाकलं नाहीत हे उत्तम केलंत.

दुसरं, वास फिनाईलने झाकला जातो, जात नाही. मूत्रातल्या युरिक ॲसिडचे स्फटिक लाकडात आणि फरशीच्या सांध्यात बसून राहतात, दमटपणा आला की पुन्हा वास सोडतात. तुम्ही लिहिलंय ते अगदी तसंच आहे. एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते डागावर ओतून सांगितलेला वेळ भिजू द्या, लगेच पुसू नका. अमोनियाचं क्लीनर वापरलंत तर मांजराला तो दुसऱ्या मांजराचाच निरोप वाटतो. आणि ब्लीच तर मूत्रावर कधीच ओतू नका, त्यातून क्लोरामाइनचा विषारी वायू तयार होतो.

वहिनींबद्दल. आजाराचं नाव टॉक्सोप्लाझ्मोसिस. मांजराला पहिल्यांदा लागण झाली की एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून जंतूंची अंडकोशिका पडते, मग सहसा थांबते. पडल्यावर लगेच ती बाधत नाही, १ ते ५ दिवस लागतात. म्हणजे तुम्ही रोज सकाळी उचलता ते किळसवाणं असलं तरी योग्य आहे. वहिनींनी मात्र वाळूला आणि मातीला हात लावायचा नाही. लावायचाच झाला तर हातमोजे, आणि नंतर साबणाने हात. नुसतं मांजर घरात येऊन गेलं म्हणून घाबरू नका. अर्धकच्चं मांस आणि न धुतलेली भाजी यांतूनही हीच लागण होते, आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

आता मला तीन गोष्टी सांगा. दाराचा डाग जमिनीपासून किती उंचीवर आहे? मन्याची नसबंदी झाली आहे का? आणि काकूंच्या घरात मांजरांसाठी शी-शूची पेटी किती?

रोखठोक: तुम्ही का सोसताय एवढं? मांजरं त्यांची, घाण त्यांनी उचलावी. पिशवी भरा आणि त्यांच्या दारात ठेवा. दोन दिवसांत कळेल.

वाफेवाला: पिशवी ठेवली की आयुष्यभराचा शेजार गेला. वाळूचं उत्तर सोपं आहे: झाका. मांजराला कोरडी, भुसभुशीत, उकरता येणारी जागा लागते. खेळ संपला की चौकोनावर फळी नाहीतर घट्ट ताडपत्री टाका. ताडपत्री मधे खोलगट राहू देऊ नका, पाणी साचून डास होतात.

वाफ्यांत माती ओली ठेवा, ओल्या मातीत ती सहसा बसत नाहीत. नवीन पेरणी असेल तर मातीच्या पातळीला कोंबड्यांच्या खुराड्याची तारेची जाळी आडवी अंथरा. रोपं त्यातून वर येतात, पंजे खाली जात नाहीत. कापलेली टोकं तेवढी खाली दुमडा. मी गेली काही वर्षं हेच करतोय. भिंतीवर काचा वगैरे लावायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, मांजर वाचतं आणि आपलाच हात कापतो.

पाणचक्की: हालचाल झाली की पाणी उडवणारं यंत्र मिळतं, ते चालतं. आवाजाचं यंत्रही मिळतं. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला ६० च्याही पुढे, त्यामुळे त्याला त्रास होतो नि आपल्याला नाही, असं गणित. आमच्याकडे आठवडाभर चाललं. मग बोका त्याच्यासमोरच झोपायला लागला. शिवाय लहान मुलांना त्यातला खालचा आवाज कधीकधी ऐकू येतो, तुमची मुलगी चारच वर्षांची आहे.

रोखठोक: मग पोत्यात घालून लांब सोडून या.

तीनमांजरी: हे कृपा करून कुणी करू नका. पाळलेलं मांजर सोडून देणं हा बहुतेक ठिकाणी गुन्हा आहे, आणि त्याने सुटतही काही नाही. जागा मोकळी झाली, खाणं तसंच असलं की दुसरं मांजर येऊन बसतं.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. फिनाईल बंद केलं, वाळूवर फळी टाकली.

तीनमांजरी, तुमच्या प्रश्नांची उत्तरं काढता काढता भलतंच निघालं. डाग जमिनीवर नाहीच. दाराच्या चौकटीवर वीतभर उंचीवर आहे आणि तिथून ओघळ पायपुसण्यापर्यंत आलाय. मन्याची नसबंदी झालेली आहे हे काकूंकडूनच गप्पांमध्ये कळलं. म्हटलं मग हे कोण करतंय? नवऱ्याचा जुना फोन खिडकीत उभा करून रात्रभर चित्रण केलं.

पहाटे पावणेपाचला एक काळापांढरा बोका आला. कधीच न पाहिलेला. डोकं भलंमोठं, गाल फुगलेले, एक कान फाटका. दाराशी आला, नाक लावलं, तोंड अर्धवट उघडं ठेवून तसाच थांबला, जणू काही आठवतोय. मग वळला, पाठ दाराकडे, शेपूट ताठ वर, आणि शेपटीचं टोक थरथरवत काम उरकलं. या सगळ्या वेळात आमचा मन्या भिंतीवर बसून खाली बघत होता. इतके दिवस मी मनातल्या मनात त्याला शिव्या देत होते!

तीनमांजरी: वा, हे फार छान केलंत. मांजर खाली बसून करतं ती लघवी, उभं राहून मागे फवारतं ती खूण. ते तोंड उघडं ठेवणं म्हणजे टाळूतल्या इंद्रियाने वास तपासणं. फुगलेले गाल म्हणजे बहुतेक नसबंदी न झालेला वयात आलेला बोका. नसबंदी केली की दहातल्या साधारण नऊ बोक्यांची ही सवय थांबते किंवा फार कमी होते. काहींची लगेच, काहींची काही आठवड्यांनी.

पण तो येतोय का, हे बघा. दोन शंका आहेत. काकू रात्री बाहेर खाणं ठेवतात का? आणि बिट्टीची नसबंदी झाली आहे का? नसेल तर घाई करा, मांजर साधारण ६३ ते ६५ दिवसांत विते आणि चार महिन्यांची मादीसुद्धा गाभण राहू शकते. तीनाची सात व्हायला वेळ लागत नाही.

बोका कुणाचा आहे का हे कळायला कागदी पट्टीवर 'हा बोका तुमचा आहे का?' आणि फोन नंबर लिहून ती गळ्यात सैल अडकवतात, ओढली की फाटेल अशी. पण हा फाटक्या कानाचा गडी हाताला लागेलसं वाटत नाही. प्राण्यांसाठी काम करणारी मंडळी पिंजरा लावून धरतात, नसबंदी करून परत तिथेच सोडतात. त्यांनाच गाठा.

आणि पेटीचं राहिलं. आमच्याकडे सांगतो तो हिशेब: जितकी मांजरं, त्याहून एक जास्त. तिघांना एकच पेटी असेल तर बाकीचे तुमच्या वाळूत येणारच, त्यात त्यांचा काय दोष?

उन्हाळीपाऊस: ताई, आता काकूंशी बोलणं किती सोपं झालं बघा. 'तुमची मांजरं त्रास देतात' हे म्हणायचंच नाही. 'एक परका बोका आपल्या दोघींच्या घरी येतोय' म्हणायचं.

रोखठोक: हे पटलं. पोत्याचं मागे घेतो.

धागाकर्ती: बारा दिवसांनी लिहिते आहे, माफ करा.

काल-परवा नाही, मागच्या आठवड्यातच काकूंकडे गेले आणि फोनवरचं चित्रण दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, दोनदा बघितलं, आणि म्हणाल्या, "हाच मेला! रात्री वाटी रिकामी करतो आणि मी मन्याला म्हणते, किती खातोस." म्हणजे वाटी बाहेरच होती. बिट्टीची नसबंदी 'करायचीच होती, पण डब्यात घालून नेणार कोण' म्हणून राहिलेली. पेटी एकच, न्हाणीघरात, आणि काकू दुपारी न्हाणीघराचं दार लावून घेतात. काय बोलणार?

मग मीच विषय काढला. म्हटलं, काकू, वाळूत तिघंही येतात, आणि वहिनी येणार आहे. त्या जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आधी का नाही बोललीस? मला वाटलं तुला आवडतात." मला आवडतातच हो. सकाळी उठून पिशवी घेऊन जाणं आवडत नाही.

आता वाटी रात्री आत जाते. बिट्टीला आम्ही दोघींनी मिळून नेलं, वाटेत डब्यातून जो आक्रोश चालला होता तो विचारू नका. आमच्या चौकोनातली सगळी वाळू काढून काकूंच्या मागच्या कोपऱ्यात पन्हाळीखालची जागा सोडून टाकली, शिवाय घरात दोन पेट्या वाढवल्या. वाळूला त्यांच्या ओळखीचा वास होता म्हणूनच असेल, मन्या दुसऱ्याच दिवशी तिथे. आमच्याकडे नवी वाळू, वर फळी. नऊ दिवस पिशवी लागली नाही. फाटक्या कानाचा दोनदा आला, त्याच्यासाठी पिंजरा लावणाऱ्यांशी बोलणं झालंय, त्यांची पाळी यायची आहे. दाराची चौकट एन्झाइमने तीनदा भिजवली तेव्हा कुठे वास गेला.

राहिलं ते करडं. ओट्याच्या खिडकीला चिकटपट्टीची नायलॉनची जाळी लावली, तर त्याने कोपरा नखाने उचकटून तेवढंच भोक केलं आणि आत. लाजाळू! यावर काय?

वाफेवाला: नायलॉन काढून टाका. लाकडी किंवा ॲल्युमिनियमची चौकट करून त्यात स्टीलची जाळी ठोका आणि चौकट बाहेरून नाही, आतून कडीने बसवा. आणि ओट्यावर पातेलं ठेवायचं बंद करा आधी, त्याला जाळीपलीकडे काहीतरी आहे हे माहीत झालंय.

धागाकर्ती: सुतार रविवारी येतो म्हणाला आहे. पातेलं आजपासून कपाटात.