नऊ पंख लावले तर?

एकाने विचारलंय की थर्मोकोलच्या आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) विमानाला एकाऐवजी नऊ पंख लावले तर ते नऊपट वजन उचलेल का. हसू नका मंडळी, हा उद्योग खऱ्या विमानावर करून झालाय. इटलीचे विमान बांधणारे काप्रोनी, त्यांचं सीए-६० हे विमान, साल १९२१. शंभर प्रवासी घेऊन अटलांटिक पार करायचा बेत होता. तीन-तीन मजली पंखांचे तीन संच (पुढे, मध्ये, मागे), खाली लांबलचक बोट आणि ४०० अश्वशक्तीची आठ इंजिनं. फोटो बघितला तर वाटतं, चाळच उडायला निघालीय!

४ मार्चला माज्जोरे तलावावरून, प्रवाशांऐवजी वजनं ठेवून उडवलं. जरासं वर गेलं, नाक खाली घातलं आणि धाडकन पाण्यात. आतलं वजन सरकलं असावं, असा एक अंदाज. वैमानिक मात्र वाचला.

आता मूळ प्रश्न. नऊपट उचल मिळत नाही. वरच्या पंखाखालचा जास्त दाब आणि खालच्या पंखावरचा कमी दाब एकमेकांचं खातात. मागच्या संचाला पुढच्यांनी खाली ढकललेली हवा मिळते, ते वेगळंच. शिवाय एवढे खांब आणि तारा म्हणजे नुसता अडथळा.

तरीही करायचंच असेल तर आधी मोटरशिवाय छोटं ग्लायडर कापा. गुरुत्वमध्य (विमान जिथे तोलून राहतं तो बिंदू) तिन्ही संचांच्या मधल्या बिंदूपेक्षा थोडा पुढे ठेवा, त्यासाठी नाकात ठेवलेलं वजन वेल्क्रोने घट्ट बांधा आणि गवतावर हाताने फेकून बघा. व्हिडिओ टाकाच, आपटलं तरी.